सामावून घेता येईल

बाई, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमच्या बोलण्यातला तो अक्कलकोटकडचा कानडी हेल आठवायला मला डोळे मिटावे लागतात. मी सोलापुरात परत आलोय. निवृत्त झालो, दिल्लीचं सरकारी घर सोडलं, होटगी रस्त्याच्या बाजूला एक लहानसा फ्लॅट घेतला. बायकोचं म्हणणं होतं, मुलगी बंगळूरला आहे तर तिकडंच जाऊ. मीच हट्ट केला. म्हटलं, सोलापुरात आपल्याला ओळखणारी माणसं आहेत. ओळखणारी माणसं फारशी उरली नाहीत हे इथं आल्यावर कळलं. तुम्हाला लिहितोय, कारण जे सांगायचंय ते जिवंत माणसाला सांगायची मला मुभा नाही. नोकरीत जे कागद नजरेखालून गेले त्यांच्याबद्दल निवृत्तीनंतरही बोलायचं नसतं. ते मी आजवर पाळलंय, बायकोलासुद्धा कधी अवाक्षर सांगितलं नाही. गेलेल्या माणसाला सांगू नये असं नियमात कुठं लिहिलेलं नाही. तुम्ही मात्र सांगू नको म्हणाला होतात. त्या दिवसाबद्दलही लिहितो.

आधी शाळेतलं लिहितो, कारण माझी नोकरी तिथंच सुरू झाली असं मला कायम वाटत आलंय. जेऊरला पॅसेंजरनं उतरून तुम्ही आमच्या गावापर्यंत चालत यायचा, हातात डबा आणि पायात त्या जाड तळव्याच्या चपला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मंत्रिमंडळाचा धडा जेमतेम दोन पानांचा होता. तुम्ही तो वाचून दाखवला नाहीत. भिंतीकडं सतरंजी टाकलीत, तिच्यावर काही पोरं बसवलीत आणि म्हणालात, हे मंत्री. मी हात वर केला. "बाई, मलापण मंत्री करा की." तुम्ही मला सतरंजीच्या बाहेर, दाराजवळ बसवलंत. "तू सचिव. काय बोलतात ते लिहून घे." विषय दिलात शाळेच्या माठाचा. तो माठ रोज पोरीच भरायच्या, आडावरून पाणी आणून. मंत्र्यांनी एका दमात ठरवून टाकलं, पाणी पोरींनीच भरायचं, त्यांना सवय असती. मी उठून माझं घोडं पुढं दामटायला लागलो, मंत्रीपण न मिळाल्याचा राग होताच. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून मला खाली बसवलंत. "तू बोलायचं नाही. ते तुझं काम नाही. कोण बोललं नाही ते बघ."

मी बघितलं. समोर सगळ्या पोरी गुडघ्यावर हनुवट्या टेकून गप बसलेल्या. "पोरी बोलल्या न्हाईत, बाई."

"मग ठराव झाला म्हणून काय लिहून घेतलास? ज्यांचं काम त्यांना विचारलं नाही, तर ठराव कसला तो?"

मग तुम्ही पोरींना विचारलंत. शेवटी माझी चुलतबहीण उभी राहिली, जमिनीकडं बघत म्हणाली, "पाणी भरतो की आमी. पर भरून येईस्तवर हितं पाढे होऊन जात्यात. आमाला पाढे येत न्हाईत." आम्ही सगळे तिच्याच घरातले, तिच्याच गल्लीतले, आणि हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून माठ भरायला पोरांचीही पाळी लागली. बाई, देश कसा चालत असेल याची माझी सगळी कल्पना त्या एका तासावर उभी होती. पुढं कितीतरी जाड पुस्तकं वाचून परीक्षा दिल्या, पण ती कल्पना काही बदलली नाही.

मला फळ्यावरचं दिसत नाही हेही तुम्हालाच कळलं. घरच्यांना वाटायचं पोरगं बावळट आहे. तुम्ही मला एका रविवारी एसटीनं सोलापूरला नेलंत, डोळे तपासून घेतलेत, चष्मा करायला टाकलात आणि तो मिळेपर्यंत तुमच्या घरी ठेवून घेतलंत. तुमच्या आई चुलीपाशी बसून माझ्याशी कानडीत बोलायच्या आणि मी मान हलवायचो. "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं का, एवढं त्या मुक्कामात शिकलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दह्याची साय. चष्मा लावून दुकानाबाहेर आलो तर समोरच्या लिंबाचं एकेक पान वेगळं दिसत होतं. मी तिथंच रस्त्यात उभा. तुम्ही माझं बघून होईपर्यंत थांबलात. आणखी कुणी असतं तर म्हणालं असतं, चल, एसटी चुकंल.

दिल्लीला लागलो ते अगदी खालच्या जागेवर. आणि नशीब असं की काही वर्षांत बदली झाली ती थेट मंत्रिमंडळाचं काम सांभाळणाऱ्या कार्यालयात. गावाकडं कुणाला ते नीट कळायचं नाही. मंत्री माहीत असतात, कलेक्टर माहीत असतो, पण हे मधलं काय? तुम्हाला एका वाक्यात कळलं असतं. एखाद्या मंत्रालयाला काही करायचं असतं, ते टिपण तयार करतं. ते टिपण ज्यांच्या ज्यांच्या कामाला हात लावणार त्या सगळ्या मंत्रालयांना आधी पाठवायचं, त्यांची मतं घ्यायची, अर्थखात्याचं घ्यायचं, विधिखात्याचं घ्यायचं. मग ते आमच्याकडं येणार. आम्ही बघायचं की कुणाला विचारायचं राहिलं नाही ना, कुणाची हरकत असेल तर ती झाकून ठेवलेली नाही ना. मग विषयपत्रिका, मंत्र्यांना जाणारी बंद पाकिटं, बैठक, काय ठरलं त्याचं कार्यवृत्त, आणि ठरलेलं पुढं होतंय का याचा पाठपुरावा. टिपण चांगलं की वाईट हे आम्ही ठरवायचं नाही. बैठकीच्या खोलीत मी कधी बैठक चालू असताना गेलो नाही, तिथं आमच्यातले सगळ्यात वरचे साहेब बसतात. एकदा खोली रिकामी असताना आत जायला मिळालं. लांब टेबल, खुर्च्या, पाण्याचे झाकलेले पेले. मी दाराजवळच उभा राहिलो. बाईंनी मला याच जागेसाठी तयार केलं, असं त्या दिवशी मनात आलं आणि ऊर भरून आला.

त्याच भरात मी तुम्हाला भेटायला आलो होतो. तुम्ही तोवर शाळेतून निवृत्त होऊन इथल्या बंद गिरणीच्या मागच्या वसतिगृहाचं काम बघत होता. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या पोरी. दसरा झाला की टोळ्या निघतात, पोरींची शाळा सुटते ती सुटतेच. म्हणून केंद्राच्या एका लहानशा योजनेतून चाललेलं ते वसतिगृह. तुम्ही स्वयंपाकघरात हुग्गी ढवळत होता. गहू, गूळ आणि खोबऱ्याचा वास सगळ्या आवारात पसरला होता. पोरी पाटावर बसून शेंगा फोडत होत्या, आणि भिंतीपलीकडच्या विड्या वळणाऱ्या बायका त्यांच्या तेलुगूत काहीतरी विचारत होत्या. मी माझ्या कामाचं सांगायला लागलो. लवकरच काय निर्णय होणार आहे ते मला आधीच माहीत आहे, हे दाखवायची खुमखुमी होती. "बाई, पुढच्या महिन्यात बघा तुम्ही..." एवढंच म्हणालो असेन. तुम्ही पळी पातेल्यात तशीच सोडलीत.

"जे सांगायचं नाही ते मलाही सांगू नको. तुला तिथं बसवलंय ते गप बसशील म्हणून की." पोरींसमोर बोललात. माझे कान तापले. मग जरा वेळानं तुम्हीच हुग्गीचं ताट पुढं सरकवलंत आणि हळू आवाजात विचारलंत, "मला फक्त एक सांग. विचारतात का रे तिथं?"

"विचारतात, बाई. सगळ्यांना विचारल्याशिवाय फाइल पुढं जात नाही."

तुमचा चेहरा कसा झाला ते मी विसरलेलो नाही. तुम्ही पोरींकडं वळून म्हणालात, "ऐकलात का ग? विचारल्याशिवाय काही होत नाही." त्या पोरींना काय कळलं असेल? पण तुम्ही ते वाक्य नंतर वर्षानुवर्षं सांगत राहिलात, हे मला आत्ता इथं आल्यावर कळलं. तुम्ही गेलात तेव्हा मला वेळेवर येता आलं नाही. आलो तेव्हा वसतिगृहाच्या हॉलमध्ये तुमचा फोटो लागला होता आणि तुमचीच एक विद्यार्थिनी रेक्टर झाली होती. पातेली तीच, हुग्गी तशीच. काम चाललं होतं. मला वाटलं, चालेल हे असंच.

मग तो विषय आला. काय साल होतं ते लिहीत नाही. देशात कितीतरी लहान लहान योजना चालू होत्या, कुठं शिवणवर्ग, कुठं फिरता दवाखाना, कुठं वसतिगृह. त्या सगळ्या मिळून एक मोठी योजना करायची, म्हणजे देखरेख नीट होते, काम डोळ्याला दिसतं, असं ते टिपण होतं. वाईट हेतू त्यात शोधून सापडला नसता. परिशिष्टात खालच्या बाजूला एक ओळ होती, हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलींची वसतिगृहं. ती वाचून मी चष्मा काढून पुसला. सरळ उठून आमच्या उपसचिव मॅडमकडं गेलो. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, पण नीट ऐकून घेणाऱ्या. म्हटलं, मॅडम, यातलं एक वसतिगृह माझ्या ओळखीचं आहे. त्या म्हणाल्या, "मग यावर तुमचं मत देऊ नका. पण कुणाला विचारायचं राहिलंय का ते बघा, ते तर आपलं कामच आहे."

बाई, राहिलं होतं. मुलींचा विषय ज्या मंत्रालयाकडं, त्याचंच मत जोडलेलं नव्हतं. टिपण परत पाठवलं. काही दिवसांनी ते आलं, मत जोडून. मत काय, तर हरकत नाही. मी पुन्हा मॅडमकडं गेलो. आज जी वसतिगृहं चालू आहेत त्यांचं काय होणार, हे टिपणात कुठंच म्हटलेलं नाही, असं दाखवून दिलं. त्यांना ते पटलं. त्यांनी विचारणा केली. टिपण तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्यात एक नवं वाक्य होतं. मूळ मराठीत नव्हतं अर्थातच, पण त्याचा अर्थ असा, की सध्या चालू असलेल्या संस्थांना राज्य शासनाच्या योजनांमध्ये सामावून घेता येईल. राज्यांनाही विचारून झालं होतं, त्यांची उत्तरं जोडलेली होती. आता कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. विषय पत्रिकेवर गेला, बैठकीत आला, मंजूर झाला.

ज्या दिवशी ते वाक्य टिपणात आलं, त्या संध्याकाळी मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, आज एक चांगलं काम झालं. तिनं काय ते विचारलं नाही, तिला सवय होती. शिरा केला. आम्ही गॅलरीत बसून खाल्ला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून सरळ सरळ कुणाचं भलं झालं असं मला वाटलं ते त्याच संध्याकाळी.

इथं आल्यावर सामान लावून झालं आणि पहिल्यांदा गेलो ते वसतिगृहाकडंच. पुढं पाटी नव्हती. आत मांडववाल्याचं गोडाऊन झालंय. तुमच्या हॉलमध्ये लग्नाच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या, स्वयंपाकघरात कनातींचे गठ्ठे. राखणदाराला काही माहीत नव्हतं. पलीकडं विड्या वळत बसलेल्या एका म्हातारीनं मला रेक्टरबाईंचं घर दाखवलं. दोनच गल्ल्या पुढं. त्या आता शिकवण्या घेतात. तुमचा फोटो त्यांच्या घरी आहे, गोडाऊनमध्ये नको म्हणून काढून आणलेला. त्यांनी मला ओळखलं, चहा टाकला, आणि मी न विचारताच सगळं सांगितलं. असं सांगत होत्या जसं माणूस आजारपण सांगतो, कुठल्या दवाखान्यात नेलं, मग कुठल्या.

केंद्राकडून कळवलं, योजना बंद, तुम्ही राज्याकडं जा. सोबत कागद होता आणि कागदात ते वाक्य होतं. त्या वाक्याच्या जोरावर त्या निघाल्या. इथल्या कचेरीत गेल्या, पुण्याला गेल्या, मुंबईला दोनदा जाऊन आल्या. कुणी हाकलून दिलं नाही. सगळे बसा म्हणाले. राज्यात अशी योजनाच नव्हती, मग सामावून घेणार कशात? "शेवटच्या साहेबांनी कागद माझ्याच पुढ्यात ठिवला," त्या म्हणाल्या. "म्हणाले, बाई, तुमी मास्तरीण ना? वाचा बरं. घेता येईल म्हटलंय. घ्यावं, असं कुटं म्हटलंय? मी वाचलं. खरंच न्हवतं म्हटलेलं. पर सर, तेच्यावर माजी दोन वर्सं गेली. आधीच न्हाय म्हणले असते तर मी गावात चार लोकांच्या पाया पडून कायतरी उभं केलं असतं. बाई असत्या तर त्यांनी तेच केलं असतं. मी त्या एका वळीवर इसंबून ऱ्हायले."

शेजारच्या विडीवाल्या बायकांनी काही महिने तांदूळ दिले म्हणे. मग त्यांचंही काम कमी झालं. दसरा आला, टोळ्या निघाल्या आणि एकेक पोर आईबापाबरोबर गेली. रेक्टरबाई कपबशी उचलता उचलता थांबल्या. "सर, एक इचारू का? राग मानू नका. बाई कायम सांगायच्या, आपलं माणूस दिल्लीत हाय, तितं इचारल्याशिवाय काय होत न्हाय. मग आमाला इचारलं का न्हाय हो कुणी?"

सांगता येत नव्हतं, आणि सांगता आलं असतं तरी काय सांगणार होतो? की विचारलं होतं, बाई. ज्यांना ज्यांना विचारायचं असतं त्या सगळ्यांना विचारलं होतं. राहिलं होतं तिथंही मी परत पाठवून विचारायला लावलं. मुलींच्या मंत्रालयाला विचारलं, ते म्हणालं हरकत नाही. राज्याला विचारलं, ते म्हणालं हरकत नाही. शेंगा फोडत बसलेल्या पोरींना विचारायचं असा रकाना नव्हता, आणि नसतो. तो असता तर देशाचा एकही निर्णय झाला नसता, हेही मला समजतं. तेव्हापासून मी रोज सकाळी फिरताना ते सगळं पहिल्यापासून तपासतो. मॅडमनी काही चुकीचं केलं का? नाही. टिपण लिहिणाऱ्यानं? त्यालाही आपण चांगलंच करतोय असं वाटत होतं. मी? मी माझ्या अधिकारात होतं त्याच्या टोकापर्यंत गेलो. कुणी एक दुष्ट माणूस सापडला असता तर मला झोप लागली असती. सापडत नाही. नुसती हरकत नाही, हरकत नाही अशी सह्यांची रांग सापडते, आणि तिच्या शेवटाला खुर्च्या रचलेला तुमचा हॉल. मी जे एकमेव वाक्य जन्माला घातलं त्यानंच त्या बाईला दोन वर्षं दारोदार फिरवलं. मी गप बसलो असतो तर वसतिगृह कदाचित टिकलं असतं. हे मी कुणाला सांगू? त्या माठाच्या तासाला तुम्ही सांगितलंत ते मी आयुष्यभर केलं, बाई. कोण बोललं नाही ते बघितलं. बघून काही झालं नाही. तुमचं शिकवणं वर्गाएवढ्या देशासाठी खरं होतं, इतक्या मोठ्यासाठी नव्हतं, असं वाटायला लागलंय, आणि ते वाटायला नको म्हणून मी धडपडतोय.

रेक्टरबाईंनीच त्या मुलीचं सांगितलं. शेवटच्या पोरींमधली सगळ्यात हुशार, करमाळ्याच्या पलीकडच्या गावची. गणितात हिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दहावीच्या वर्षातच ती आईबापाबरोबर तोडीला गेली, पुढच्या वर्षी लग्न झालं. यंदा तिची टोळी टेंभुर्णीच्या बाजूला आहे, असं कळलं होतं. "जाऊन या सर, जमलं तर. तुमचं ऐकंल ती," रेक्टरबाई म्हणाल्या. माझं का ऐकावं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी एसटीनं टेंभुर्णीला गेलो, तिथून रिक्षानं. रस्त्याच्या कडेला उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे वाकून आत शिरायच्या झोपड्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत बैलं बांधलेली. पुरुष फडात होते. ती बाहेर चुलीपुढं बसली होती, मांडीवर तान्हं मूल. हातांना उसाच्या पात्यानं चिरा पडलेल्या. तिची सासू कोपीच्या दारात बसून माझ्याकडं संशयानं बघत राहिली. रेक्टरबाईंनी पाठवलंय म्हटल्यावर मुलीचा चेहरा जरा सैल झाला. तिनं मला बसायला पोतं दिलं, कोरा चहा दिला. "बाई बऱ्या हायत का?" तिनं विचारलं. तिची बाई म्हणजे रेक्टरबाई. तुम्हाला तिनं फोटोतच पाहिलेलं.

मी तिच्यासाठी काय ठरवून गेलो होतो ते सांगितलं. शाळा सुटली तरी हरकत नाही, दहावीची परीक्षा बाहेरून देता येईल. पुस्तकं मी आणून देईन. बोलता बोलता माझंच वाक्य मला ऐकू आलं, देता येईल, आणि मी मधेच थांबलो.

ती हसली नाही, चिडली नाही. मुलाला या मांडीवरून त्या मांडीवर घेत म्हणाली, "आता काय करायचं सर. पहाटं फडात जायाचं, मोळ्या बांधायच्या, आल्यावर ह्येचं बघायचं. पुस्तक उघडलं की डोळा लागतोय."

"गणित आठवतं का अजून?"

"आठवतंय की. टनाचा हिशेब मीच सांगती समद्यांना. मुकादम मला टरकतोय." सासूनं तिला काहीतरी खुणावलं तशी ती चुलीत पाचट सारायला लागली.

मी पुस्तकांची पिशवी आणली होती, ती पोत्याशेजारी ठेवली. तिनं नको म्हटलं नाही आणि उघडूनही बघितली नाही. परत न्या म्हणायला तिला संकोच वाटला असावा, असं मला नंतर एसटीत वाटलं. लिंबाच्या पानांपाशी तुम्ही माझ्यासाठी जसं थांबला होतात तसं थांबायला मला जमलं नाही. मी घाईनं उठायला लागलो. रिक्षावाला मागं थांबलाच होता.

तेव्हा तिनं विचारलं, "सर, तुमी दिल्लीला व्हता म्हणं. काय कामाला?"

सासू बघत होती. बैलाच्या गळ्यातलं घुंगरू वाजत होतं. मी म्हणालो, "पोस्टात होतो."

का म्हणालो? गुप्ततेसाठी नाही. आपण कुठं होतो हे सांगायला बंदी नसते, ते तर आमच्या दारावरच्या पाटीवरही होतं. इतकी वर्षं ती पाटी मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलीय. त्या पोरीपुढं मला ती सांगता आली नाही.

तिचा चेहरा एकदम उजळला. पहिल्यांदाच ती शाळेतली पोर वाटली. "मंग तुमाला म्हाईत असंल. वसतिगृह बंद व्हायच्या टायमाला आमी समद्या पोरींनी दिल्लीला चिठ्ठी लिवली व्हती. मी लिवली, समद्यांनी सया केल्या. पत्ता बराबर घातला व्हता, पिनकोड पण. ती पोचली असंल का हो?"

"पोचली असेल," मी म्हणालो.

"मंग बरं," ती म्हणाली, आणि रडायला लागलेल्या मुलाला घेऊन कोपीत वाकून शिरली.

बाई, ते मी खोटं बोललो नाही. पोचली असणार. दिल्लीला आलेलं पत्र हरवत नाही, त्यावर शिक्का बसतो, आणि योग्य त्या कार्यवाहीसाठी ते योग्य त्या टेबलाकडं जातं. कुणाचं टेबल, ते मला माहीत नाही. माझं नव्हतं. असतं तर मीही ते पुढंच पाठवलं असतं.

बायको स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारून गेली. हे कागद आता फाडून टाकीन, तसेही ते कुठल्या पेटीत टाकायचे? एक तेवढं राहिलं. पोस्टात होतो असं म्हणालो तेव्हा, ती पुढचं विचारेपर्यंतच्या तेवढ्या क्षणात, मला फार बरं वाटलं होतं.